मुदतवाढ

इ.स.पू. ३२६ मधली गोष्ट. रोमचा कॉन्सल क्विंटस पब्लिलियस फिलो नेपल्सला वेढा घालून बसला होता. शहर आज पडेल, उद्या पडेल अशी स्थिती होती आणि इकडे त्याचे वर्ष भरत आले होते. कॉन्सलचे पद एका वर्षाचे. वर्ष संपले की पद खाली ठेवायचे आणि नव्याने निवडून आलेल्याच्या हाती कारभार द्यायचा, हा रिवाज. पण ऐन वेढ्यात सेनापती बदलायचा म्हणजे तोंडाशी आलेला घास घालवायचा. रोमने व्यवहारी तोड काढली. फिलोचे वर्ष संपले तरी मोहीम फत्ते होईपर्यंत त्याने ‘कॉन्सलच्या जागी’ काम पाहावे, असे ठरले. रोमन लोक या सोयीला ‘प्रोरोगातिओ’ म्हणू लागले. मंत्रालयापासून ग्रामपंचायतीपर्यंत रोज कानावर पडणारा आपला शब्द त्याला नेमका बसतो : मुदतवाढ.

निर्णय शहाणपणाचा होता. नेपल्स हाती आले, कोणाचे काही बिघडले नाही. सुमारे तीनशे वर्षांनी याच सोयीवर पाय ठेवून रोममध्ये सम्राट बसला. त्यासाठी त्याला सिनेट बरखास्त करावी लागली नाही, निवडणुका बंद कराव्या लागल्या नाहीत, कॉन्सलची पदेही मोडावी लागली नाहीत.

प्रजासत्ताक घसरत घसरत साम्राज्य होऊ शकते का, असा प्रश्न निघाला की आपल्या डोळ्यांपुढे रस्त्यावरचे रणगाडे येतात, रेडिओ केंद्राचा ताबा घेणारा कोणी कर्नल येतो. तशी उदाहरणे आहेतच. पण तो दरोडा झाला, घसरण नव्हे. घसरण कशी होते ते पाहायचे तर रोमकडे जावे लागते. तिथून मी एकच गोष्ट शिकलो. राज्यकर्त्याच्या हाती अधिकार किती आहेत, याला महत्त्व आहेच. पण ते कधी संपतात आणि वाढवायचे झाले तर कोणाला कोणाची मनधरणी करावी लागते, याला त्याहून जास्त महत्त्व आहे. प्रजासत्ताकाचा जीव तारखेत असतो.

रोमन लोकांना हे पक्के ठाऊक होते. परंपरेप्रमाणे इ.स.पू. ५०९ मध्ये त्यांनी राजा हाकलला, पण राजाचे अधिकार फारसे कापले नाहीत. कॉन्सलच्या हाती सैन्य होते आणि त्याच्यापुढे चालणाऱ्या सेवकांच्या खांद्यावर राजाच्याच काळातल्या काठ्यांच्या मोळ्या होत्या. त्यांनी दोन कुलुपे मात्र घातली. कॉन्सल एक नाही, दोन. एकाचा हुकूम दुसऱ्याला अडवता येई. आणि दोघांनाही वर्षाची मुदत. त्यांच्याकडे वर्षाची ओळखही त्या वर्षीच्या दोन कॉन्सलांच्या नावांनीच पटे. कॅलेंडर हीच त्यांची राज्यघटना होती म्हणा ना.

संकट आले तर? त्याचीही सोय होती. सगळे अधिकार एकाच्या हाती देऊन डिक्टेटर नेमायचा, पण सहा महिन्यांपुरता. इ.स.पू. ४५८ मध्ये सिनसिनॅटसला शेतावरून बोलावून हे पद दिले. त्याने शत्रूला हरवले आणि पंधरवड्यातच पद सोडले, असे इतिहासकार लिव्ही सांगतो; तो पुन्हा नांगराला जाऊन लागला, अशी कथा आहे. गोष्टीत दंतकथेचा भाग असेल. पण एखादे राष्ट्र स्वतःविषयी कोणती दंतकथा जपते, यावरूनही पुष्कळ कळते. एकमुखी सत्तेचे रोमला वावडे नव्हते. तिच्यावर तारीख घातलेली असली की झाले.

मग बिघडले कुठे? राज्य वाढले तिथे. लढाई नेपल्सला होती तोवर एक वर्ष पुरे. ती स्पेनमध्ये, मॅसिडोनियात, आशियात पोहोचली तेव्हा सेनापतीचे निम्मे वर्ष प्रवासात आणि घडी बसवण्यात जाऊ लागले. मुदतवाढ अपवाद होती, ती रीत झाली. म्हणजे मुलूख मिळवला प्रजासत्ताकानेच. सम्राट नंतर आला, त्या मुलखाचा कारभार पाहणारा म्हणून. बाहेर साम्राज्य चालवायचे आणि घरात वर्षाच्या मुदतीची पदे ठेवायची, ही कसरत रोमला दीडशे वर्षेही धड जमली नाही. मारियस इ.स.पू. १०४ पासून लागोपाठ पाच वर्षे कॉन्सल झाला. त्याने बिनजमिनीची माणसे सैन्यात घेतली होती. निवृत्तीनंतरच्या जमिनीसाठी हे सैनिक सिनेटकडे पाहत नसत, आपल्या सेनापतीकडे पाहत. सेनापती जितका काळ तोच, तितके सैन्य त्याचे. सीझरला गॉलची मोहीम आधी पाच वर्षांसाठी मिळाली, मग आणखी पाच. इतकी वर्षे ज्याच्या हातचे खाल्ले, त्याच्यामागून इ.स.पू. ४९ मध्ये पलटणींनी रुबिकॉन नदी ओलांडून रोमवर चाल केली, यात नवल कसले?

पण हे सगळे महत्त्वाकांक्षी सेनापतींचे कारस्थान होते असे समजण्यात गफलत आहे. त्यासाठी इ.स.पू. ६७ मधली एक सभा जवळून पाहावी. भूमध्य समुद्रात चाच्यांचा सुळसुळाट झाला होता. धान्याची गलबते अडकत होती आणि रोममध्ये भाव कडाडले होते. गॅबिनियस नावाच्या ट्रिब्यूनने, म्हणजे लोकप्रतिनिधीने, ठराव आणला : एका माणसाला तीन वर्षांसाठी अख्ख्या समुद्रावर आणि किनाऱ्यापासून पन्नास मैल आतपर्यंत अधिकार द्यावेत. माणूस कोण ते उघड होते, सेनापती पाँपी. ट्रेबेलियस या दुसऱ्या ट्रिब्यूनने नकाराधिकार वापरला. तेव्हा गॅबिनियसने त्यालाच पदावरून काढण्यासाठी तिथल्या तिथे मतदान सुरू केले. मतदारांचे एकूण गट पस्तीस. सतरा गटांनी विरुद्ध मत दिले. अठरावा गेला की खेळ खलास. ट्रेबेलियसने नकार मागे घेतला. मग रोशियस नावाचा आणखी एक ट्रिब्यून उभा राहिला. गोंगाटात त्याचे कोणी ऐकेना, म्हणून त्याने हात वर करून दोन बोटे दाखवली. एकट्या पाँपीला नको, जोडीला दुसरा द्या, एवढेच त्याचे म्हणणे. त्यावर लोक असे ओरडले की वरून उडणारा कावळा गर्दीत येऊन पडला, असे प्लुटार्क लिहितो.

कावळा पडला असेल नसेल. रोशियसची दोन बोटे मात्र माझ्या मनातून जात नाहीत. साडेचारशे वर्षांची राज्यघटना त्या दोन बोटांत होती आणि ती हाणून पाडली लोकांनीच, सिनेटने नाही. लोक मूर्ख होते असेही म्हणवत नाही. पाँपीची नेमणूक होताच धान्याचे भाव उतरले आणि त्याने तीन महिन्यांत समुद्र मोकळा केला. तीन वर्षांचे काम तीन महिन्यांत! उपाशी माणसाला दोन कॉन्सल हवे असतात की स्वस्त गहू? एकहाती सत्ता काम करत नाही, असे सांगून प्रजासत्ताकाचा बचाव करू नये. ती काम करते. म्हणूनच तर तिचा मोह पडतो.

पुढचा उतार सीझरच्या डिक्टेटरपदाच्या मुदतींवरून मोजता येतो. पहिल्यांदा अकरा दिवस. मग एक वर्ष. इ.स.पू. ४६ मध्ये दहा वर्षे. इ.स.पू. ४४ च्या फेब्रुवारीत आजन्म. मार्चच्या पंधरा तारखेला त्याला भोसकून मारले. मारेकऱ्यांना वाटले, माणूस गेला की रोग गेला. सीझरचा साथीदार अँटनी याने तर डिक्टेटर हे पदच कायद्याने रद्द करून टाकले. माणूस गेला, पदाचे नावही गेले. मुदतवाढीची सवय तेवढी राहिली.

ती ओळखली सीझरच्या वारसाने, ऑगस्टसने. इ.स.पू. २७ च्या जानेवारीत तो सिनेटपुढे उभा राहिला आणि त्याने आपले सगळे अधिकार परत केले. सिनेटने आग्रह केला, तेव्हा आढेवेढे घेत त्याने काही प्रांतांची जबाबदारी पत्करली. स्पेन, गॉल, सीरिया हे अशांत म्हणून ज्यांत बहुतेक पलटणी होत्या, नेमके तेच प्रांत. तेही कायमचे नाहीत, दहा वर्षांसाठी. शांतता लवकर झाली तर आधीच परत करीन, हे वर आश्वासन. पाच वर्षांनी पूर आणि दुष्काळ पडला. लोकांनी सिनेटला कोंडून धरले, ऑगस्टसला डिक्टेटर करा नाहीतर इमारत पेटवतो म्हणाले. त्याने गुडघे टेकले, अंगावरचे वस्त्र फाडले आणि ते पद नाकारले. धान्यपुरवठ्याचा अधिकार तेवढा घेतला. आणि मुदत? इ.स.पू. १८ मध्ये पाच वर्षे वाढ. मग आणखी पाच. इ.स.पू. ८ मध्ये दहा. इ.स. ३ मध्ये दहा. इ.स. १३ मध्ये दहा. पुढच्याच वर्षी, शहात्तराव्या वाढदिवसाच्या उंबरठ्यावर, तो गेला. जगातले सर्वांत बलाढ्य साम्राज्य चाळीस वर्षे भाडेकरारावर चालले आणि प्रत्येक नूतनीकरण रीतसर झाले.

मराठी वाचकाला हे फार अनोळखी वाटू नये. शाहू महाराज १७४९ मध्ये गेल्यावर सत्ता पुण्यात आली, पण पेशवाईची वस्त्रे साताऱ्याहूनच येत राहिली. ते राज्य प्रजासत्ताक नव्हते, तेव्हा तुलना पुढे ताणू नये. रिकामे झालेले रूप किती काळ आणि किती मानाने टिकते, एवढेच त्यातून दिसते.

यावर एक आक्षेप वजनदार आहे आणि तो टाळून पुढे जाता येत नाही. रोमचे प्रजासत्ताक होते कोणाचे? काही मोजक्या घराण्यांचे. व्हेरीससारख्या सुभेदाराने तीन वर्षे सिसिली लुटली, ती प्रजासत्ताकातच. प्रांतातल्या शेतकऱ्याला ऑगस्टसची राजवट बरी गेली. यादवी थांबली, रस्ते सुरक्षित झाले, राजधानीला अग्निशमन दल मिळाले. त्याने तारखेसाठी का हळहळावे?

त्याचे उत्तर ऑगस्टसच्या काळात सापडत नाही, त्याच्यानंतर सापडते. चांगल्या माणसाला दिलेली बेमुदत सत्ता त्याच्या मागून येणाऱ्यालाही मिळते. कॅलिगुला या सम्राटाला चौथ्या वर्षी त्याच्याच अंगरक्षकांनी मारले, कारण त्याला घालवण्याचा दुसरा मार्ग उरला नव्हता. इ.स. ६९ या एका वर्षात रोमने चार सम्राट पाहिले आणि निवाडा केला तो पलटणींनी. मुदत असते तेव्हा सत्ता कॅलेंडर काढून घेते. मुदत नसते तेव्हा ते काम खंजिराला करावे लागते. प्रजासत्ताकाची सगळी कटकट, दिरंगाई, भांडणे जमेस धरूनही हा हिशेब तारखेच्याच बाजूने पडतो.

अमेरिकेच्या संस्थापकांनी रोमचा इतिहास घोकला होता. जॉर्ज वॉशिंग्टनला त्यांनी आपला सिनसिनॅटस मानले. त्या नावाचे शहर ओहायो राज्यात आजही आहे. युद्ध पुकारण्याचा अधिकार त्यांनी राष्ट्राध्यक्षाला न देता काँग्रेसला दिला. पण अमेरिकेने रीतसर युद्ध पुकारले ते शेवटचे १९४२ मध्ये. कोरिया, व्हिएतनाम, इराक ही त्यानंतरची. १९६४ च्या ऑगस्टमध्ये व्हिएतनाममध्ये बळ वापरायची मुभा देणारा टोंकिनच्या आखातासंबंधीचा ठराव कनिष्ठ सभागृहात ४१६ विरुद्ध ० मतांनी मंजूर झाला, सिनेटमध्ये फक्त दोघे विरोधात गेले. व्हिएतनामने हात पोळल्यावर १९७३ मध्ये निक्सनचा नकाराधिकार मोडून कायदा झाला : काँग्रेसच्या संमतीवाचून साठ दिवसांपलीकडे लढाई चालवायची नाही. तारीख परत आली. मग २०११ मध्ये लिबियावरची कारवाई साठ दिवसांपुढे गेली, तेव्हा ओबामा सरकारने युक्तिवाद केला की कायद्याला अभिप्रेत असलेली लढाई ही नव्हेच. आणि सप्टेंबर २००१ मध्ये दहशतवादी हल्ल्यानंतर बळाच्या वापराला जी परवानगी दिली गेली, तिच्यावर तारीखच नव्हती. कनिष्ठ सभागृहात तिच्याविरुद्ध एकच मत पडले, बार्बरा ली यांचे. रोशियसच्या दोन बोटांतले एक.

याहून बोलके उदाहरण आणीबाणीच्या कायद्याचे आहे. १९७६ मध्ये काँग्रेसने ठरवले की राष्ट्रीय आणीबाणी वर्षभरात आपोआप संपेल. चालू ठेवायची तर राष्ट्राध्यक्षाने तसे कळवावे. वाचायला फार छान. १९७९ च्या नोव्हेंबरमध्ये तेहरानमधले ओलीस प्रकरण पेटले तेव्हा कार्टर यांनी इराणसंबंधी आणीबाणी जाहीर केली. ओलीस १९८१ मध्ये सुटले. आणीबाणी सुटली नाही. रेगनपासून बायडनपर्यंत प्रत्येकाने ती दर वर्षी वाढवली. पत्र पाठवले की झाले. काँग्रेसला ती संपवायची असेल तर मात्र दोन्ही सभागृहांत ठराव हवा, त्यावर नकाराधिकार आला की दोन तृतीयांश मते हवीत. २०१९ मध्ये सीमेवरच्या भिंतीसाठी ट्रम्प यांनी आणीबाणी जाहीर केली, तेव्हा दोन्ही सभागृहांनी ती मोडणारा ठराव केला. ट्रम्प यांनी तो नाकारला आणि दोन तृतीयांश मते काही जमली नाहीत. वाढवायला एक सही, थांबवायला दोन तृतीयांश संसद. तारीख आहे, पण तिची नांगी मोडलेली आहे.

तरीही अमेरिका रोम झाली असे मी म्हणणार नाही. १९५१ पासून तिथे कोणी दोनपेक्षा जास्त वेळा राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून येऊ शकत नाही आणि ते कुलूप आजवर शाबूत आहे. माणसाची मुदत टिकली, अधिकारांची सैल झाली, असे तिथले चित्र दिसते.

आपल्याकडे काय? १९६२ च्या ऑक्टोबरमध्ये चीनच्या आक्रमणावेळी आणीबाणी पुकारली. लढाई महिनाभरात थांबली. आणीबाणी १९६८ च्या जानेवारीपर्यंत चालली. १९७१ च्या डिसेंबरमध्ये पुन्हा पुकारली. युद्ध पंधरवड्याच्या आत आटोपले. ती आणीबाणी १९७७ पर्यंत होती. म्हणजे २५ जून १९७५ ची आणीबाणी देशावर लादली गेली तेव्हा आधीची एक चालूच होती, आणि तिची आठवण फारशी कोणाला नव्हती. कारण एकदा संसदेने मान्यता दिली की पुन्हा विचारण्याचे बंधनच तेव्हा घटनेत नव्हते. पुढे पाचव्या लोकसभेची मार्च १९७६ मध्ये संपणारी मुदत संसदेनेच दोनदा, एकेक वर्षाने वाढवली. घटनेतल्या तरतुदीनुसार, रीतसर. ऑगस्टस खूश झाला असता.

ते कुलूप १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने पुन्हा बसवले. आता आणीबाणी दर सहा महिन्यांनी संसदेत मंजूर व्हावी लागते आणि तेही विशेष बहुमताने. संसद गप्प बसली तर ती संपते. मला ही दुरुस्ती आपल्या लोकशाहीतली सर्वांत कमी गौरवलेली गोष्ट वाटते.

पण पळवाट दिल्लीतच निघते असे नाही. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतले प्राध्यापक डॉ. डी. सी. वाधवा बिहारमधल्या जमीनधारणेचा अभ्यास करत होते. कायदे चाळताना त्यांच्या लक्षात आले की इथे कायद्यांऐवजी वटहुकूमच दिसतात. वटहुकूम हा तात्पुरता. विधिमंडळ भरल्यावर सहा आठवड्यांत तो संपतो. बिहार सरकार अधिवेशन आटोपले की तेच वटहुकूम पुन्हा काढी. १९६७ ते १९८१ या काळात असे २५६ वटहुकूम, काही चौदा वर्षांपर्यंत जिवंत ठेवलेले. वाधवा सर्वोच्च न्यायालयात गेले आणि डिसेंबर १९८६ मध्ये न्यायालयाने ही पद्धत म्हणजे घटनेची फसवणूक ठरवली. त्या चौदा वर्षांत बिहारमध्ये वेगवेगळ्या पक्षांची सरकारे आली होती. एकाही आमदाराला जे खटकून न्यायालयात जावेसे वाटले नाही, ते पुण्यातल्या एका अभ्यासकाला वाटले. आणि आपण पुण्या-मुंबईच्या लोकांनी फुशारकी मारू नये. मार्च २०२२ मध्ये आपल्या महापालिकांच्या सभागृहांची मुदत संपली आणि साडेतीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकांनी कारभार केला. कारण आरक्षणाच्या न्यायालयीन वादाचे होते, खोटे नव्हते. नेपल्सचेही खोटे नव्हते. कचरा उचलला जात होता, पाणी येत होते; आपल्या प्रभागात नगरसेवक नाही, हे किती जणांना टोचले?

उपाय नाही असे मुळीच नाही. दक्षिण आफ्रिकेच्या १९९६ च्या राज्यघटनेत तो लिहून ठेवला आहे. तिथे आणीबाणी एकवीस दिवसांची. वाढवायची तर संसदेने, एका वेळी फार तर तीन महिन्यांनी. पहिल्या वाढीला साधे बहुमत पुरते, त्यानंतरच्या प्रत्येक वाढीला साठ टक्के मते लागतात. रोममध्ये प्रत्येक मुदतवाढ आधीच्यापेक्षा सोपी होत गेली. इथे पुढची पहिलीपेक्षा अवघड केली आहे. खरा बचाव मला यातच दिसतो. राज्यकर्ता सज्जन असेल की दुर्जन, याचा अंदाज बांधत बसण्याची गरज नाही. संकट खरे असेल तर त्याला अधिकार द्यावेत, भरपूर द्यावेत. फक्त ते मौनाने संपावेत आणि वाढवण्याची खटपट ज्याला ते हवे आहेत त्यानेच करावी, दर वेळी जास्त लोकांना पटवून.

म्हणून पुढच्या वेळी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर मुदतवाढीची चार ओळींची बातमी दिसली, तर ती ओलांडून पुढे जाऊ नका. कशाची वाढ, कितव्यांदा, आणि नको असेल तर ती थांबवणार कोण, एवढे तीन प्रश्न विचारा. रोममध्ये ते विचारायचे हळूहळू राहून गेले. ऑगस्टसनंतर टायबेरियस आला. इ.स. २४ मध्ये त्याच्या कारकिर्दीला दहा वर्षे झाली. त्याने सिनेटकडे मुदतवाढ मागितलीच नाही, असे इतिहासकार डिओ कॅसियस नोंदवतो. दशवार्षिक उत्सव मात्र ठरल्याप्रमाणे साजरा झाला.